खुराकाला तारण काय?

म्हशीसाठी कर्ज घेतलेल्या शेतकऱ्याच्या गोठ्यात म्हैस खरोखरच आहे की नाही, हे बघून येणं हा बँकेतल्या माणसाच्या नोकरीचा भाग असतो. १९९८ सालची गोष्ट. इंदापूर तालुक्यात निरवांगीच्या बाजूला अशाच एका कर्जदाराकडे मी गेलो होतो. म्हैस होती. चांगली मुऱ्हा, कानात विम्याचा बिल्ला असलेली. हप्ते मात्र चार महिने थकलेले. दूध डेअरीला घालायचं आणि बिलातून परस्पर हप्ता कापून घ्यायचा, अशी व्यवस्था होती. डेअरीचं पुस्तक मागितलं, तर ते जवळजवळ कोरं.

"म्हस आटली का?" मी विचारलं.

"न्हाई सायेब. म्हस झ्याक हाय. दूध बी देतीया. पर ते डेअरीपतूर जात न्हाई."

आणि त्यानं गोठ्यामागे बोट दाखवलं. पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा तिथे घामानं निथळत जोर मारत होता. म्हशीचं दूध कुठे मुरत होतं, ते वेगळं सांगायची गरज उरली नाही.

मी परत येऊन अहवाल लिहिला. त्यात म्हैस 'आढळली' असं लिहिता आलं, दुधाचं काय झालं ते लिहायला रकाना नव्हता. पीककर्ज, विहीर, पाइपलाइन, दुभतं जनावर, शेळ्या, सगळ्याला आमच्याकडे छापील अर्ज होते. पोराच्या खुराकाला कुठलीच बँक कर्ज देत नाही. तारण काय घेणार? पोराचे दंड?

त्या वेळी मी हा विनोद म्हणून मित्रांना सांगत असे. आता सांगवत नाही. कारण हिशेब जसाच्या तसा आहे, फक्त आकडे फुगलेत. आज तालमीत राहणाऱ्या उमेदीच्या पोराला दिवसाला तीन लिटर दूध धरा, दीडशे ग्रॅम बदाम, शंभर ग्रॅम तूप, वर अंडी आणि केळी. चालू भावानं रोजचे चारशे रुपये सहज उडतात, म्हणजे महिन्याला बारा हजार. मटण, तालमीचा खर्च, मैदानाला जायचं गाडीभाडं आणि दुखापत झाली तर डॉक्टर हे वेगळं. पुण्या-कोल्हापूरच्या तालमी पोराला जागा देतात, वस्ताद विद्या देतो. पोट मात्र घरच्यांनी भरायचं. दोन-अडीच एकराच्या उसावर सहा-सात वर्षं हे कसं चालतं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

आणि ही रड आजकालची नव्हे. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला ब्राँझ पदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासाला पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली हे आपण कौतुकानं सांगतो. त्याच खाशाबांनी नंतर कोल्हापुरात कुस्ती करून, त्या पैशातून प्राचार्यांचं देणं फेडलं, हे मात्र कमी सांगतो. ऑलिंपिकवीराला कर्ज फेडायला आखाड्यात उतरावं लागलं! बँकेत सारा जन्म गेलेल्या माणसाला यातली सचोटी दिसते. त्याहून जास्त, तारण म्हणून एका शिक्षकाचं घर पुढे आलं याची लाज वाटते.

आता आपल्या जत्रेतल्या मैदानाकडे वळू. बारामती-इंदापूरच्या या पट्ट्यात आणि नीरेपलीकडे माळशिरस तालुक्यात चैत्र-वैशाखात जत्रांचा हंगाम असतो. दुपारी चारला हलगी कडाडते, लाल मातीवर नारळ फुटतो आणि लहान पोरांच्या जोड्या लागू लागतात. पूर्वी या कुस्त्या रेवड्यांवर आणि खोबऱ्याच्या वाटीवर होत, आता पन्नास-शंभर रुपयांवर होतात. मग पाचशेची, हजाराची, पाच हजाराची कुस्ती आणि दिवस मावळताना शेवटची, लाखांतली. फ्लेक्सवर फोटो असतो तो शेवटच्या दोघांचाच. ते बहुधा बाहेरगावचे, कधी हरियाणा-पंजाबचेही. गावच्या वर्गणीतला मोठा वाटा या एका कुस्तीत जातो, आणि पुष्कळदा तीच बरोबरीत सुटते. निवेदक "दोन्ही पैलवानांना टाळ्या" म्हणतो, गाव टाळ्या वाजवतं आणि घरी जाताना "नुरा होती" म्हणतं.

माझं म्हणणं इथेच आहे. आपल्या मैदानात इनामाची उतरंड इतकी उभी आहे की खालून वर चढणाऱ्याला मधे पाय टेकायला पायरीच नाही. पन्नास रुपयांवरून पन्नास हजारांवर पोचायला जी सात-आठ वर्षं लागतात, त्या वर्षांचा खर्च गाव करत नाही, जत्रा करत नाही, सरकार करत नाही. तो म्हैस करते.

हे मनात पक्कं व्हायला एक परदेशी निमित्त झालं. नातवाच्या नादानं मी जपानच्या एनएचके वाहिनीवर सुमो बघू लागलो. आधी वाटलं, एवढी प्रचंड माणसं, मिनिटभरात सगळं संपतं, यात बघायचं काय? पण हळूहळू ओळखीच्या खुणा दिसू लागल्या. मातीचाच आखाडा, साडेचार मीटरच्या आसपास व्यासाचा. प्रत्येक स्पर्धेपूर्वी तो नव्यानं घडवतात आणि त्याच्या पोटात तांदूळ, मीठ असा देवाचा नैवेद्य पुरतात. आपण मातीत ताक, हळद, तेल, लिंबू घालतो, भाव तोच. पहाटे उपाशीपोटी मेहनत, मग एकत्र जेवण, मग झोप. वस्तादाचा शब्द अखेरचा. धाकट्यांनी थोरल्यांचं जेवण रांधायचं, अंग रगडायचं. आपल्या जुन्या तालमींत वाढलेल्या माणसाला यात काहीच परकं वाटणार नाही.

फरक आहे तो पोटाच्या व्यवस्थेत. सुमोत सहाशेच्या आसपास मल्ल आहेत, सहा वर्गांत विभागलेले. पगार मिळतो फक्त वरच्या दोन वर्गांतल्या सत्तर जणांना, पण तो चांगला, महिन्याला दहा लाख येनांहून जास्त. खालच्या पाचशे जणांना पगार नाही, स्पर्धेमागे थोडा भत्ता. परंतु राहणं आणि जेवण यासाठी त्यांच्या बापाला म्हैस घ्यावी लागत नाही. पोराला सांभाळण्यासाठी त्यांची संघटना त्या त्या तालमीला पैसे देते. शिवाय वर्षाच्या सहाही स्पर्धांत प्रत्येक वर्गाचा वेगळा विजेता असतो. वरच्या वर्गाला एक कोटी येन, तर अगदी तळातल्या वर्गाच्या विजेत्यालाही एक लाख येन. म्हणजे शंभरास एक. आपल्याकडे दोन लाखांच्या कुस्तीपुढे पोरांची कुस्ती पन्नास रुपयांची असते. भागाकार वाचकांनीच करावा.

सुमोचं गुणगान करायला मी बसलेलो नाही. तिथल्या शिस्तीच्या नावाखाली २००७ मध्ये सतरा वर्षांचा एक शिकाऊ मल्ल मारहाणीत मेला आणि त्याच्या वस्तादाला तुरुंगात जावं लागलं. २०१८ मध्ये माइझुरू गावी भाषण करता करता महापौर आखाड्यातच कोसळले, तेव्हा मदतीला धावलेल्या बायकांना 'खाली उतरा' असं ध्वनिवर्धकावरून सांगण्यात आलं, कारण त्या आखाड्याला स्त्रीचा पाय चालत नाही. या बाबतीत आपण पुढे आहोत. २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. मुलींच्या कुस्त्या आता जत्रेतही लागतात. इनाम किती असतं, ते मात्र विचारू नका.

पण सुमोतली दुसरी एक गोष्ट माझ्या मुद्द्याला अधिक लागू पडते. पगारी आणि बिनपगारी यांच्यामधली जी एक रेघ आहे, तिथेच त्यांचा खेळ नासला. पंधरा दिवसांत आठ कुस्त्या जिंकल्या तर मानांकन टिकतं, सात जिंकल्या तर घसरतं. शेवटच्या दिवशी सात विजय आणि सात पराभव अशा अवस्थेत असलेले मल्ल जरा जास्तच जिंकतात, हे दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये आकड्यांनिशी दाखवलं होतं. पुढे २०११ मध्ये मोबाइलवरचे निरोप पोलिसांच्या हाती लागले, ठरवून केलेल्या कुस्त्या उघड झाल्या आणि मार्च महिन्यातली ओसाकाची स्पर्धाच रद्द झाली. अडकलेल्यांत मोठा भरणा त्या रेघेच्या आसपासच्या मल्लांचा होता. उंच कडा असली की माणसं एकमेकांचा हात धरतात, मग तो हात धरणं गैर का असेना.

आपल्याकडची नुरा कुस्ती याहून निराळी नाही. एकाच हंगामात दहा मैदानं करायची आहेत, गुडघा शाबूत राहिला पाहिजे, हरलो तर पुढच्या फ्लेक्सवर फोटो नाही. मग दोघं अर्धा तास एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे राहतात. त्यांना दोष देणं सोपं आहे. २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत पंचाच्या निर्णयावरून जे घडलं, पंचावर लाथ उगारण्यापर्यंत गोष्ट गेली आणि दोन नामवंत मल्लांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली, ते लाजिरवाणंच होतं. तरीही वाटतं, गदा आणि चारचाकी एकीकडे आणि दुसरीकडे जवळजवळ काहीच नाही, अशा जागी माणसाला उभं केल्यावर त्यानं संताप गिळावा ही अपेक्षा आपण किती सहज करतो.

यात्रा कमिटीवाले मला एक उत्तर देतात, आणि ते खोटं नाही. ते म्हणतात, साहेब, मोठं नाव नसलं तर माणूस येत नाही. माणूस आला नाही तर दुकानं लागत नाहीत, पुढच्या वर्षी वर्गणी निघत नाही. मान्य. मोठी कुस्ती बंद करा असं मी म्हणतच नाही. तिच्यातला चौथा हिस्सा काढा. दोन लाखांची दीड लाखाची झाली म्हणून पंचक्रोशीतला एकही माणूस घरी बसणार नाही. उरलेल्या पन्नास हजारांपैकी निम्मे सोळा वर्षांखालच्या जोड्यांना वाटा, मुलींच्या जोड्या धरून. निम्मे गावच्या तीन-चार होतकरू पोरांच्या खुराकासाठी वर्षभर महिन्याच्या महिन्याला द्या, तेही रोख नको, थेट डेअरीच्या आणि किराणा दुकानाच्या खात्यावर. आणि हिशेब देवळाच्या भिंतीवर लावा. जाहीर झालेलं इनाम आणि पैलवानाच्या हातात पडलेलं इनाम यांतलं अंतर आमच्या भागात पुष्कळांना माहीत आहे. एकदा कागद भिंतीवर लागला की ते आपोआप मिटेल.

सरकारकडूनही मला फार आशा नाही. मानधन मिळतं ते किताब मिळवलेल्यांना, म्हणजे ज्यांनी डोंगर आधीच चढला त्यांना. चढणाऱ्याला भाकरी द्यायची ती गावानंच.

त्या निरवांगीकडच्या कर्जाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. बापानं वर्षभरात रेडी विकली आणि कर्ज व्याजासकट फेडलं. पोरगा पाच-सहा हंगाम बरा चमकला, पाच हजारांच्या कुस्तीपर्यंत गेला, मग गुडघा गेला. मागच्या वर्षी एका मैदानात भेटला. पंचेचाळिशीकडे झुकलेला, एक कान मोडून गोळा झालेला. त्यानंच मला ओळखलं, "सायेब" म्हणून पाया पडला. शेजारी दहा वर्षांचं पोरगं, लंगोटावर, अंगभर लाल माती. नुकतीच कुस्ती मारून आलं होतं. मुठीत पन्नासाची नोट घट्ट धरलेली.

मी विचारलं, "म्हैस आहे का अजून?"

"दोन हायती," तो म्हणाला. "एक डेअरीची, एक ह्येची."