विहाराची सतरंजी : आधी धागा ओळखा, मग पाणी घाला

वर्षावास जवळ आला की विहार समितीच्या बैठकीत ठरलेले विषय निघतात. ग्रंथवाचन कोण करणार, खीरदान कोणाकडे, गळणारे पत्रे कधी बदलायचे. सतरंजीचा विषय मात्र सहसा निघत नाही. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने आपण संध्याकाळी त्याच सतरंजीवर बसतो. ओल्या पायांनी येतो, लेकरे तिच्यावर रांगतात, म्हातारी माणसे तासभर मांडी घालून बसतात. आणि नेमके याच तीन महिन्यांत तिला ऊन मिळत नाही. म्हणून हा विषय बुद्ध पौर्णिमा झाली की लगेच, वैशाखाचे ऊन हातात असतानाच काढावा, असे आम्हाला वाटते.

सतरंजी स्वच्छ करायची म्हणजे काय करायचे, यावर वस्तीत दोनच मते ऐकू येतात. एक म्हणजे फिनाईल शिंपडा, वास आला की झाले. दुसरे म्हणजे गल्लीत पसरा, सोडा-साबण टाका आणि ब्रशने घासा. आमचे मत असे की दोन्हीत एक गोष्ट सुटते. सतरंजी कशाची आहे आणि ती त्याच दिवशी वाळेल का, हे कोणी विचारत नाही. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की पद्धत आपोआप ठरते.

धुळीत काय असते

सतरंजीतली धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात आपल्या अंगावरून गळलेल्या कातडीचे बारीक कण असतात. त्या कणांवर सुमारे ०.३ मिलिमीटर लांबीचे, नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारे किडे जगतात. डॉक्टर त्यांना डस्ट माइट म्हणतात. ते चावत नाहीत, पण त्यांची विष्ठा धुळीबरोबर श्वासात जाते आणि ज्यांना तिचे वावडे आहे त्यांना शिंका, नाक वाहणे, रात्रीचा खोकला, दमा असा त्रास होतो. या किड्यांना दमट हवा मानवते. हवा कोरडी असली की ते टिकत नाहीत. ओल राहिली तर बुरशीही धरते आणि तिचाही दम्याच्या माणसाला त्रास होतो.

फिनाईलने यातले काय होते? जमिनीवरचे जंतू मारायला फिनाईल ठीक आहे. पण सतरंजीवर शिंपडले तर धूळ होती तिथेच राहते, वर ओल येते आणि उग्र वासाने दम्याच्या माणसाची छाती भरून येते. कुबट वास झाकला गेला म्हणजे सतरंजी स्वच्छ झाली, असे होत नाही.

धागा कसा ओळखायचा

बाजारात सतरंजी म्हणून मिळणारी प्रत्येक वस्तू सुताची नसते. बरीचशी प्लास्टिकच्या धाग्याची असते. ओळखायला कडेचा एकच सुटा धागा कापून घ्या, स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धरा आणि काडीने पेटवा. हे काम मोठ्या माणसानेच, सतरंजीपासून दूर करावे. कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राखाडी राख राहिली तर धागा सुताचा किंवा तागाचा आहे. केस जळल्यासारखा वास आला आणि बोटाने चुरडणारा काळा गोळा राहिला तर लोकर आहे. धागा वितळून कडक मणी झाला तर प्लास्टिक आहे.

सूत भिजल्यावर कमजोर होत नाही, उलट थोडे मजबूतच होते. म्हणून सुती सतरंजी बिनधास्त धुता येते. साबण चालतो, धुण्याचा सोडा चालतो, रंग पक्का असेल तर गरम पाणीही चालते. ६० अंशांच्या पाण्यात डस्ट माइट मरतात. एवढे गरम पाणी अख्ख्या सतरंजीला घालणे आपल्या घरांत शक्य नाही हे आम्हाला कळते. पण साध्या पाण्यानेही त्यांची विष्ठा बरीच निघून जाते. फायदा तिथेच आहे. धुण्याआधी पांढरे फडके ओले करून एका कोपऱ्यावर घासून पाहा. रंग उतरला तर गरम पाणी टाळा.

लोकरीचे वागणे वेगळे. गावाकडून आलेले घोंगडे असो की कोणी दान दिलेला लोकरी गालिचा, त्याला सोडा आणि ब्लिचिंग पावडर लावूच नका. ब्लिचिंगच्या पाण्यात लोकर झिजते, जास्त वेळ राहिली तर विरघळते. गरम पाण्यात घासली तर ती आटते आणि तिचा नमदा होतो. घोंगड्याच्या धाग्यांना विणताना चिंचोक्याची खळ दिलेली असते, तीही धुण्याने जाते. आपल्या आज्या घोंगडे फारसे धूत नसत, उन्हात टाकून झटकत असत. ती रीत योग्यच होती. धुणे अगदी भागच पडले तर थंड पाणी आणि रिठा वापरा, घासू नका, पिळू नका, दाबून पाणी काढा. आणि एक लक्षात ठेवा. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी शोषून घेते, तरी हाताला कोरडी लागते. म्हणून वरून वाळली तरी आणखी एक दिवस ऊन द्यावे.

लोकरीला कसर लागते, म्हणून पुष्कळजण डांबरगोळ्या घालून ठेवतात. लहान मूल असलेल्या घरात ते करू नये, असे आमचे ठाम म्हणणे आहे. गोळी तोंडात गेली तर विषबाधा होते. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका एन्झाइमची कमतरता असते. त्यांना डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कापडाच्या संपर्कानेही कावीळ होऊ शकते. त्यापेक्षा घोंगडे महिन्या-दोन महिन्यांनी झटकून उन्हात टाकले की कसरीला बस्तान बसवता येत नाही.

तागाला, म्हणजे आपल्या गोणपाटाला, पाणी सोसत नाही. भिजला की ताग कमजोर होतो, पिवळा पडतो आणि ओला राहिला तर कुजतो. आपल्या बहुतेक दारांत गोणपाटाचे पायपुसणे असते आणि पावसाळाभर ते ओलेच असते. घरातली बुरशी बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. दोन तुकडे ठेवा, एक दारात आणि एक वाळत. कुबट वास येऊ लागला की फेकून द्या. काथ्याचे पायपुसणे पाण्याला टिकाऊ असते. त्याला उलटे आपटून माती झाडावी आणि उभे करून वाळवावे.

कोरडे आधी, ओले नंतर

कोणताही धागा असो, पहिले काम कोरडेच करावे. धुळीने भरलेली सतरंजी थेट भिजवली तर धुळीचा चिखल होऊन धाग्यांत बसतो. आधी झटकणे, मग ऊन, मग पुन्हा झटकणे. उन्हाने ओल आणि किडे कमी होतात, पण त्यांची घाण धाग्यातच राहते. ती काढायला दुसऱ्यांदा झटकावेच लागते.

झटकायचे कुठे, हाही प्रश्न आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंच्या निवासाचे जे नियम आहेत, त्यांत याचे उत्तर सापडते. जमिनीवरचे आंथरूण बाहेर न्यावे, उन्हात तापवावे, साफ करावे, झटकावे आणि होते तसे पुन्हा आंथरावे, असे तिथे सांगितले आहे. शिवाय माणसांजवळ झटकू नये, पिण्याच्या पाण्याजवळ झटकू नये, आणि वारा जिकडे वाहतो त्या बाजूला जाऊन झटकावे, म्हणजे धूळ दुसऱ्यांवर जात नाही. ग्रंथात आहे म्हणून हे माना, असे आम्ही म्हणत नाही. आजच्या डॉक्टरला विचारले तर तोही हेच सांगेल, म्हणून माना.

आपल्या गल्ल्या चार-पाच फुटांच्या. एका दारात झटकले की समोरच्या चुलीवर धूळ. ज्यांना गच्ची किंवा मैदान नाही त्यांनी सतरंजी घरातच फरशीवर उलटी अंथरावी, हलक्या हाताने थापटावी, मग अलगद उचलून खाली पडलेली धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. खराट्याने झाडू नये. झाडल्याने बारीक धूळ हवेत उडते आणि पुन्हा सतरंजीवर येऊन बसते.

धुवायचे ठरले तर एक नियम पाळा. सकाळी धुतलेली सतरंजी अंधार पडेपर्यंत वाळणार नसेल तर त्या दिवशी धुऊच नका. ओल एक-दोन दिवस राहिली की बुरशी धरते. भर पावसाळ्यात सतरंजी धुण्यापेक्षा न धुणे बरे. त्या दिवसांत दाराशी कोरडे पायपुसणे ठेवा, पाय पुसूनच आत या, वंदना झाली की सतरंजी गुंडाळून ठेवण्याऐवजी दोरीवर टाका आणि खिडक्या उघड्या ठेवा. पंखा असेल तर खालून वारा लागेल अशी टांगा.

नाल्याचे पाणी घरात शिरले तर गोष्ट वेगळी. त्या पाण्यात लेप्टोचे जंतू असू शकतात. पायाला-हाताला जखम असेल तर ती झाकल्याशिवाय भिजलेली सतरंजी उचलू नका. सुती सतरंजी साबणाने धुऊन ब्लिचिंगच्या पातळ पाण्यात बुडवा आणि पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढा. गोणपाट आणि काथ्या सरळ टाकून द्या. आणि कितीही घाई असली तरी ब्लिचिंग पावडरमध्ये संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो जिवावर बेततो.

सतरंजीवर कोणी बसायचे

आणखी एक बोलणे भाग आहे. घरात टीबीचा पेशंट असला की त्याची सतरंजी वेगळी, त्याचे ताट वेगळे, असे काही घरांत अजून होते. टीबी हवेतून पसरतो. सतरंजी, चादर किंवा ताट यांतून पसरत नाही. पेशंटने गोळ्या न चुकता घ्याव्यात, सुरुवातीच्या दिवसांत तोंडावर मास्क ठेवावा, खोलीत हवा खेळती असावी. त्याला विहारात वेगळे बसवून कोणाचेही रक्षण होत नाही. वेगळे बसवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. खरूज मात्र अंगाला अंग लागून आणि कधी कपड्या-आंथरुणातूनही पसरते. पण खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. सगळ्या घराने एकाच वेळी औषध लावले आणि आंथरूण तीन-चार दिवस वापरात आणले नाही तर प्रश्न मिटतो.

काही कार्यकर्ते म्हणतात, एवढी कटकट कशाला, प्लास्टिकची चटई आणा आणि पुसून टाका. ज्या घरात दर पावसाळ्यात पाणी शिरते तिथे हे बरोबर आहे, आम्हीही तेच सुचवू. पण विहाराच्या थंड फरशीवर म्हाताऱ्या गुडघ्यांना सुताची ऊब लागते. सुती सतरंजी नीट सांभाळली तर वर्षानुवर्षे टिकते.

प्रश्न उरतो सांभाळणार कोण. आजवर हे काम माता-भगिनींनीच केले. भिजलेली मोठी सतरंजी चौघींना उचलत नाही, कंबर धरते, आणि झटकताना सगळी धूळ त्यांच्याच छातीत जाते. पदर तोंडाला बांधला तरी बारीक धूळ अडत नाही. विहार सगळ्यांचा आहे, तर सतरंजीही सगळ्यांनी उचलावी. बुद्ध पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी तरुण पोरांनी ती मैदानात न्यावी. दमेकरी आणि लेकरे त्या दिवशी लांब ठेवावीत. समितीने तसा ठराव करून वहीत लिहावा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच चार बायांना हाक जाईल.

आणि लेकरू रात्री खोकत असेल, श्वासाला शिटीसारखा आवाज येत असेल, तर सतरंजी झटकून थांबू नका, दवाखान्यात दाखवा. डॉक्टरांनी पंप दिला असेल तर तो स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्वच्छ सतरंजी औषधाला मदत करते, त्याची जागा घेत नाही.

जयभीम.