ज्युनिअरने शिकायचं कुठे?

कल्याणच्या न्यायालयातली पुढची तारीख कळायला आता फेरी मारावी लागत नाही. प्रकरणाचा १६ अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की तारीख आणि प्रकरणाची स्थिती समोर येते. पक्षकाराची मोठी सोय झाली, यात वाद नाही. काळजी आहे ती नव्या वकिलांची. तारखा टिपणं, नकलांचे अर्ज करणं, निवाडे शोधणं यातूनच ज्युनिअर घडत असे; आता तर मसुदाही यंत्र लिहून देतं. हमाली गेली तर बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. पण त्याच हमालीत प्रकरण मुळातून वाचायची सवय लागायची. ती सुटली की काय होतं, ते २०२३मध्ये न्यूयॉर्कला दिसलं. चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे कोर्टात देणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. यंत्रामुळे वाचलेला वेळ ज्युनिअरला उलटतपासणी शिकवण्यात गेला पाहिजे. सातबाऱ्यावरची फेरफार नोंद आणि साक्षीदाराची जबानी यांतली विसंगती हेरून मराठीत नेमका प्रश्न टाकणं सीनिअरच्या शेजारी उभं राहूनच येतं. आणि त्या शिकाऊ वर्षांत पोटापुरतं मानधन देणं ही सीनिअरांचीच जबाबदारी आहे.