बैलाचे दात मोजता, स्वतःचे कधी?



बैलबाजारात गेल्यावर आपण आधी काय करतो? जबडा उघडतो. आदत आहे, दोनदाती आहे की जुळलेला, हे बघितल्याशिवाय रुमालाखाली हात घालत नाही. स्वतःच्या तोंडात काय चाललंय हे मात्र रात्री दाढ ठणकायला लागली की कळतं. मग लवंग दाबायची, मिश्री लावायची, दुकानातून गोळी आणायची आणि सकाळी जो भेटेल त्याच्याकडून दाढ उपटून घ्यायची. डॉक्टर निवडण्याची ही वेळ नव्हे. निवड दुखण्याआधी करायची असते, म्हणून आज खत-बियाण्याचा विषय बाजूला ठेवला आहे.

मी काही दातांचा डॉक्टर नव्हे, शेतीची पदविका घेतलेला माणूस. पण घरचा अनुभव आहे. माझ्या वडिलांचा समोरचा दात पडला. आठवडी बाजारात एकजण पेटी घेऊन बसायचा. त्याने तार गुंडाळून, मसाला लावून शेजारच्या दातांना नवा दात चिकटवून दिला. दहा मिनिटांचं काम, पैसेही थोडे. वडील खूश! दोन वर्षांनी हिरडी सुजली, पू येऊ लागला. तो दात काढून धुता येत नव्हता, त्यामुळे मसाल्याखाली अन्न अडकून कुजत होतं. तालुक्याच्या दंतवैद्यांनी मसाला फोडला तेव्हा दोन्ही बाजूंचे चांगले दात खिळखिळे झाले होते. तेही काढावे लागले.

त्याच तपासणीत गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. तंबाखू धरायची तीच जागा. तुकडा तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंत घरात कुणाला धड जेवण गेलं नाही. कॅन्सर नव्हता. वडिलांनी तंबाखू सोडली, आता ठरलेल्या तारखेला तपासणी चुकवत नाहीत. पण दात मोडला नसता तर तो चट्टा कुणी बघितला असता?

बियाणे घेताना मी नेहमी सांगतो, परवाना असलेलं दुकान बघा, पक्की पावती घ्या, पिशवीवरचा टॅग जपून ठेवा. दातांच्या डॉक्टरचंही तसंच. किमान बी.डी.एस. पदवी हवी. १९४८ साली दंतवैद्यकांसाठी कायदा झाला, तेव्हापासून नोंदणीची पद्धत आहे. आपल्याकडे ही नोंद महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे होते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

दुसरं, हत्यारं बघा. नुसती गरम पाण्यातून काढलेली चालत नाहीत. प्रेशर कुकरसारख्या यंत्रात दाबाच्या वाफेवर ती निर्जंतुक करावी लागतात. एकाच्या रक्ताने माखलेलं हत्यार दुसऱ्याच्या तोंडात गेलं तर हिपॅटायटिस बी ही कावीळ पसरू शकते. हातमोजेही प्रत्येकाला नवे हवेत.

तिसरं, डॉक्टर विचारपूस करतात का? साखर, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी, तंबाखू यांची चौकशी करून, दुखऱ्या दाढेबरोबर सगळं तोंड बघणारा डॉक्टर चांगला. गेल्या गेल्या पक्कड उचलणाऱ्याला विचारा, दाढ वाचेल का? काढलेल्या दाढेच्या जागी शेजारचे दात कलतात, समोरची दाढ जागा सोडते. खर्चही आधीच विचारून घ्या. आकडा फार मोठा वाटला तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

चौथं, एकदा माणूस पटला की सारखा बदलू नका. माती परीक्षणाचे जुने कागद हाताशी असले की जमीन सुधारली की बिघडली ते कळतं. तोंडाचंही तेच. एक्स-रे, कागद एका पिशवीत ठेवा. एक फेरी मृगाआधी, दुसरी दिवाळीनंतर. मुलांनाही न्या. सहाव्या वर्षाच्या सुमारास मागे येणारी दाढ दुधाची नसते, ती गेली की गेली.

वरची दाढ काढली की नजर जाते, दात साफ केले की हलतात, हे दोन्ही गैरसमज. किटण हिरडी खातं, दात त्यामुळे हलतात. आणि दोन आठवड्यांत न भरणारं तोंडातलं तोंड आलेलं, पांढरा-लाल चट्टा किंवा तोंडात तीन बोटं उभी न जाणं, यातलं काही दिसलं तर सुगी संपायची वाट बघू नका.

खर्चाची अडचण असेल तर आधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. अनेक ठिकाणी दंतवैद्य असतात. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालयेही आहेत.

शेवटी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. आठवडी बाजारात जागेची पावती तुम्हीच फाडता. भाजीवाल्याला द्या, बांगडीवाल्याला द्या. पेटी घेऊन दात बसवायला येणाऱ्याला देऊ नका. त्याऐवजी वर्षातून एकदा नोंदणीकृत दंतवैद्य शाळेत बोलवा आणि पोरांबरोबर म्हाताऱ्यांचीही तोंडं बघून घ्या.