सरासरीचा भरवसा

आकडे पुढे करून माणसाला गप्प बसविण्याची एक रीत आपल्याकडे रुळली आहे. सह्याद्रीच्या पायथ्याला गावे एवढी, वर्षाला दरडी कोसळतात त्या मोजक्या. मग तुमच्या वाडीला भय ते किती? हा हिशेब मला मान्य नाही.

पुष्कळ गावांची एका वर्षाची सरासरी म्हणजेच एका गावाची पुष्कळ वर्षांची सरासरी, असे त्यात गृहीत धरलेले असते. वायूच्या रेणूंविषयी बोल्ट्झमनने असेच गृहीत धरले. त्याला अर्गोडिक गृहीत म्हणतात. १९३१ साली बर्कहॉफने गणिताने दाखविले की हे जुळते, पण केव्हा? व्यवस्थेत अलग कप्पे नसतील आणि काळ अनंत असेल तेव्हा. पदार्थवैज्ञानिक इतका थांबत नाही. भांड्यात रेणू अगणित, म्हणून दाब केव्हाही मोजा, सरासरीपाशीच सापडतो. तेवढ्यावर त्याचे भागते.

महाड-पोलादपुरात यांतले काय आहे? २२ जुलै २०२१ रोजी तळिये गाडले गेले. ८०हून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी आल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल दोन एस.टी. गाड्यांसह पुरात गेला. इथे प्रत्येक डोंगर हा निराळा कप्पा आहे, आणि गाडलेली वाडी सरासरी भरून काढायला पुन्हा उभी राहत नाही.

मदतनिधी किती ठेवावा, हे सरासरीला खुशाल विचारा. वाडी हलवावी की नाही, हे मात्र तिच्याच डोंगराचा उतार, भेगा आणि पाणी पाहून ठरवा.