सामू, मासे आणि आपला उतावळेपणा

माशांची काचपेटी ही आता केवळ श्रीमंतांची हौस राहिलेली नाही. १९५१ साली मुंबईला मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, त्यानंतर कित्येक वर्षे शाळांच्या सहली जे पाहायला जात, ते आता आपल्या भिंगारमध्ये दुकानाच्या गल्ल्याशेजारी आणि अभ्यासाच्या टेबलावर येऊन बसले आहे. गोष्ट आनंदाची आहे. परंतु हौसेने आणलेले मासे महिना-दोन महिन्यांत दगावतात, आणि मग जो तो सल्लागार बनतो. “पाणी आम्लधर्मी झाले असेल, सोडा टाका,” एक म्हणतो. दुसरा म्हणतो, “चुन्याची निवळी ओता.” पाणी तपासले का, हे मात्र कोणी विचारीत नाही.

कला शाखेच्या अंकात हे रसायनशास्त्र कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण मासे पाळताना आपण कोणती शाखा निवडली आहे, हे मासे विचारीत नाहीत. एक मुका जीव आपण चार काचांत कोंडला, की त्याचे पाणी हीच त्याची हवा, आणि ती कशी असावी हे समजून घेणे आपले कर्तव्य ठरते.

शेतकऱ्याच्या घरातील विद्यार्थ्यांना ‘सामू’ हा शब्द माती-परीक्षणाच्या कागदावरून ठाऊक असेल. इंग्रजीत त्यालाच पी. एच. म्हणतात. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन या शास्त्रज्ञाने ही मोजपट्टी मांडली. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी. लक्षात ठेवायचे ते एवढेच की, या पट्टीवरील एक पायरी म्हणजे दसपट फरक. ६ सामूचे पाणी ७ च्या पाण्यापेक्षा दहा पटींनी आम्ल असते. आपल्याला किरकोळ वाटणारा आकडा माशाला मोठा धक्का असू शकतो.

आता आपल्या गावाचा विचार करू. आपली भूमी दख्खनच्या काळ्या पाषाणाची. या खडकातून झिरपलेले विहिरीचे व बोअरचे पाणी बहुधा क्षारयुक्त, कठीण व किंचित अल्कधर्मी असते. पाणी तापवण्याच्या भांड्याला आतून चढणारा पांढरा थर हीच त्याची साक्ष. कोकणात जांभ्या दगडातील पाणी मऊ व किंचित आम्लधर्मी असते, तेथे सामू वाढवण्याचा सल्ला योग्य ठरेल. तोच सल्ला भिंगारला जसाच्या तसा लागू करणे म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला!

मग येथे पाणी आम्लधर्मी निघतच नाही काय? निघते, पण त्याची कारणे निराळी असतात. पहिले कारण, बोअरच्या ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू विरघळलेला असतो आणि त्यामुळे सामू कमी दिसतो. हे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवले, मधूनमधून ढवळले, की वायू निघून जातो आणि सामू आपोआप वर येतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीनही असे ठेवल्याने बरेचसे उडून जाते. येथे औषध एकच, धीर.

दुसरे कारण आपल्या भल्या हेतूतून उद्भवते. “आम्ही पितो तेच शुद्ध पाणी माशांना देतो,” असे सांगून अनेकजण आर. ओ. यंत्राचे अगर जारचे पाणी पेटीत भरतात. या पाण्यातून क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात, आणि आम्लाला तोंड देणारे क्षारच नसले की सामू झपाट्याने घसरतो. माणसाला जे शुद्ध, ते माशाला रिकामे! त्यात आपलेच मुरवलेले साधे पाणी थोडे थोडे मिसळले, तर सामूही चढतो आणि टिकतोही.

तिसरे कारण जुनी, दुर्लक्षित पेटी. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. पेटीतील उपकारक जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि त्या क्रियेत आम्ल निर्माण होऊन पाण्यातील क्षार खर्ची पडतात. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलणे हाच यावर उपाय.

याच जुन्या पेटीत उतावळेपणा सर्वांत घातक ठरतो. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बहुतांशी सौम्य रूपात असतो. सामू ७ वरून ८ वर गेला, की त्याचे विषारी रूप जवळपास दहा पटींनी वाढते. म्हणजे ‘पाणी सुधारावे’ म्हणून टाकलेला मूठभर सोडा एका तासात माशांचा घात करू शकतो. दोष मग माशांच्या नाजूकपणाला दिला जातो.

पाणी खरोखरच आम्लधर्मी ठरले, तर मार्ग सोपा आहे. धुतलेले शिंपले अगर चुनखडीचे खडे जाळीच्या पिशवीत घालून पेटीत ठेवावेत. आम्ल पाण्यात ते हळूहळू विरघळतात आणि पाणी अल्कधर्मी होत गेले की विरघळणे जवळपास थांबते. खाण्याचा सोडा वापरायचाच तर तो थेट पेटीत टाकू नये. दहा लिटरच्या बादलीत चिमूटभर विरघळवून, सामू मोजून, त्या पाण्याने पेटीतील पाचवा हिस्सा बदलावा. दिवसाकाठी ०.२ ते ०.३ पेक्षा अधिक फरक पडू देऊ नये. चुन्याची निवळी आणि धुण्याचा सोडा यांना तर हातही लावू नये. त्यांनी सामू उसळी मारतो. सामू तपासण्याच्या पट्ट्या वा थेंबांची बाटली मासे विकणाऱ्या दुकानात मिळते. ज्या महाविद्यालयात विज्ञान शाखा आहे, तेथील प्रयोगशाळेत विनंती केली तर कोण नाही म्हणेल?

आणखी एक गोष्ट. प्रत्येक माशाला आपल्या पाण्याशी भांडायला लावण्यापेक्षा, आपल्या पाण्याशी जमणारा मासा का आणू नये? गप्पी, मॉली यांना कठीण, अल्कधर्मी पाणी मानवते. गोल्डफिशही त्यात सुखाने राहतो. अ‍ॅमेझॉनच्या मऊ पाण्यातून आलेल्या निऑन टेट्राचा हट्ट भिंगारच्या पाण्यात कशासाठी?

माझे म्हणणे एवढेच की, आकड्यामागे धावू नये. ७.८ वर स्थिर असलेले पाणी रोज ७ वर खेचण्याच्या खटाटोपापेक्षा बरे. एखाद्याचे बिघडले असे दिसताच कारण न पाहता उपाय ओतायचा, ही आपली सवय काचपेटीपुरती मर्यादित नाही. घरात, वर्गात, सभेतही आपण तेच करतो. माणूस निदान ओरडून सांगतो. मासा सांगत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत आधी मोजणे, मग विचार करणे आणि सर्वांत शेवटी हात घालणे, हा क्रम पाळलाच पाहिजे.