फुटक्या कपांची भिंत

दिवाळी जवळ आली, की घरोघरी फळीवरची भांडी खाली उतरतात. कान तुटलेला कप, टवका उडालेली बशी, झाकण हरवलेली लोणच्याची बरणी यांची रवानगी उकिरड्यावर होते. फुटके भांडे घरात ठेवू नये, असे आपल्या आज्या सांगत आल्या आहेत, आणि त्यांचे म्हणणे मोडण्याचा माझा विचार नाही. मी एवढेच म्हणतो, की तो कप उकिरड्यावर जाण्याआधी गावाने त्याच्यावर एकदा हक्क सांगावा. आणि एकदा सांगितला, म्हणजे मग तो पाळावा. यातल्या दुसऱ्या वाक्यासाठी मी ऐन सणाच्या दिवसांत ही कटकट मांडून बसलो आहे. वाचकांनी चकलीचा तुकडा मोडता मोडता ती ऐकून घ्यावी.

तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेने रस्त्याकडच्या आवारभिंतीवर मोझेकचे चित्र करावयाचे ठरवले. भिंत चाळीस फूट लांब, पाच फूट उंच. शहरातून एक चित्रकार आले. त्यांनी खडूने मोठा थोरला आंबा रेखला, खाली नदी, नदीवर घाट. मग वर्गावर्गांत फळ्यावर लिहिले गेले : ‘प्रत्येकाने घरून एक फुटकी वस्तू आणावी.’ दुसऱ्या दिवशी मुलांच्या दप्तरांतून जे निघाले, ते पाहून मला माझ्या गावाची पहिल्यांदा नीट ओळख झाली. निळ्या काठाच्या बशा आल्या. हॉटेलातले जाड बुडाचे कप आले. गवंडीकाम करणाऱ्या बापाने न्हाणीघराच्या उरलेल्या फरशीचे तुकडे पोत्यात भरून पाठवले. एका मुलीने, बहिणीच्या लग्नात फुटलेली आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला झालेली, फुलांची तबकडी आणली. आणि आठवीतल्या एका मुलाने वर्तमानपत्राच्या पुडीत हिरव्या काचेचे तुकडे आणले.

आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. या वाढवलेल्या नव्हत्या. नवरा गेला त्या दिवशी बायकांनी मिळून फोडलेल्या, आणि त्या बाईने पुढे सव्वीस वर्षे ट्रंकेत जपून ठेवलेल्या या बांगड्या होत्या. नातवाने शाळेतला निरोप घरी सांगितला तेव्हा तिने स्वतः होऊन पुडी काढून दिली. मी त्या तुकड्यांचे आंब्याच्या खालच्या फांदीवर एक पान केले. पान जरा वाकडेच झाले. बांगडीची काच गोल असते. ती वाकडीच बसणार.

दीड महिना मुले राबली. तुकडे पोत्यात गुंडाळून हातोडीने फोडायचे, म्हणजे कपच्या डोळ्यांत उडत नाहीत. धारदार कडा दगडावर घासायच्या. मग वर्गात पाटावर जाळी पसरून तिच्यावर ते गोंदाने बसवायचे, आणि वाळलेले जाळीचे तुकडे गवंड्याने भिंतीवर लिंपायचे. पायाने अधू असलेली आमची एक विद्यार्थिनी शिडीवर चढू शकत नव्हती. जाळीवर बसल्या जागी तिने नदीचा निम्मा काठ केला.

आणि मग उद्‌घाटनाची तारीख ठरली. मोठे पाहुणे येणार म्हणताच समितीच्या डोळ्यांना भिंत ‘जरा ओबडधोबड’ दिसू लागली. बैठकीत विषय निघाला. माझ्याकडे पाहून विचारले गेले, ‘‘गुरुजी, तुमचे काय मत?’’ मी म्हणालो, ‘‘तुम्हांला योग्य वाटेल ते पाहा.’’ हे माझे शब्द मी लपवीत नाही. या लेखात ज्या ज्या लोकांवर मी तुटून पडणार आहे, त्यांत पहिला मान माझा.

चार दिवसांच्या सुट्टीत भिंतीचा तिसरा हिस्सा छिनीने उतरवला गेला. त्या जागी बाजारातून आणलेल्या कोऱ्या फरश्यांचे एकसारखे कापलेले चौकोन बसले. वर संगमरवरी पाटी लागली. तिच्यावर अकरा नावे. खाली बारीक अक्षरांत : ‘विद्यार्थी व पालक यांच्या सहभागातून’. गवंड्याचे नाव कुठेच नाही.

उद्‌घाटनाच्या दुसऱ्या दिवशी ती आजी नातवाचा हात धरून आली. भिंतीवरून हात फिरवीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, परत आली.

‘‘गुरुजी, आमचं पान कुठं हाय?’’

‘‘आजी, दुरुस्तीत जरा हललंय.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली, आणि पदर सावरून निघून गेली. तिने भांडण केले असते, तर मी आज हा लेख लिहिला नसता.

आता वादाकडे येऊ. पहिले प्रतिपक्षी आहेत ते कलावंत. त्यांचे म्हणणे असे, की कला एकाची असते, चारशे हातांनी गोंधळ होतो. यातले अर्धे मला मान्य आहे. चित्राचा आराखडा एकाच डोक्यातून यावा. चारशे जणांना रेषा मारावयास सांगितले, तर आंब्याला नारळ लागतील. परंतु मोझेकची जातच अशी आहे, की रेघ एकाची आणि भर अनेकांची. सॅन फ्रान्सिस्को शहरात १६३ पायऱ्यांचा एक जिना २००५ साली असा सजवून पुरा झाला. आराखडा दोन कलावंत स्त्रियांचा, आणि हात तीनशेहून अधिक शेजाऱ्यापाजाऱ्यांचे. बार्सिलोनात गाउदीने १९०० ते १९१४ या काळात जे उद्यान उभारले, तिथले नागमोडी लांबलचक बाक फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेले आहे. त्या तुकड्यांची रंगसंगती मुख्यतः त्याचा सहकारी जुजोल याची. म्हणजे ज्याच्या एकट्याच्या नावाने जग टाळ्या वाजवते, त्यानेही बाक दुसऱ्याच्या हाती सोपवले होते. मग आमच्या आठवीच्या वर्गाच्या हाती एक पान सोपवण्यात कलेचे कोणते पतन झाले?

आणि इतक्या दूर जावयास कशाला पाहिजे? गोधडी पाहा. तीत आजोबांचे धोतर असते, आत्याचे लुगडे असते, बाळाचे झबले असते. शिवणारी एक, टाके घालावयास शेजारणी दोन-चार. ‘हा तुकडा विटका आहे, उसवून टाका आणि दुकानातून कोरे कापड आणा,’ असे कोणी म्हणाले, तर घरातली म्हातारी त्याला वेड्यात काढील. गोपाळकाल्यात पेंद्याची शिळी भाकरी बाजूला काढून तिच्या जागी हलवायाकडचा पेढा टाकला, तर त्याला काला म्हणावयाचे काय?

दुसरे प्रतिपक्षी व्यवस्थापक. त्यांचे शस्त्र म्हणजे ‘टिकाऊपणा’. इथे मी त्यांच्यापेक्षा कडक आहे. भिंतीला ओल असेल, तर आधी ओल काढा. जुना चुन्याचा किंवा तेलरंगाचा थर खरवडल्याशिवाय एक तुकडा लावू नका. तो पहिल्या पावसाळ्यात थरासकट खाली येईल. साध्या भाजक्या मातीचे खापर पाणी पिते आणि उघड्यावर झडते. चिनी मातीचा कप पाणी पीत नाही. काचेची बांगडी टिकते, लाखेची टिकत नाही. वाळल्यावर प्रत्येक भाग बोटाने ठोकून पाहा; पोकळ वाजला, तर उचकटा आणि पुन्हा बसवा. मुलाच्या हाताला लागेल अशी एकही कड ठेवू नका. या कारणासाठी माझे पान काढले असते, तर मी स्वतः छिनी धरली असती. पण ते पान पोकळ वाजत नव्हते. ते वाकडे होते. पोकळ आणि वाकडे यांतला फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी शाळा चालवू नये. कारण मुलांच्या बाबतीतही आम्हांला रोज हाच फरक करावा लागतो.

आणि टिकाऊपणा शिकावयाचाच असेल, तर गवंड्याकडे जा. मुंबईपासून अहमदाबादेपर्यंत कितीतरी जुन्या गच्च्यांवर पांढऱ्या चिनी तुकड्यांचा थर दिसतो. ऊन परतवावे, पाणी वाहून जावे, म्हणून तो नाव नसलेल्या कारागिरांनी घातला. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी यांनी चित्रकार हुसेन यांच्याबरोबर अहमदाबादेत जी गुफा उभारली, तिच्या घुमटांवर हेच तुकडे आहेत. थोर वास्तुशास्त्रज्ञाला जी विद्या आपल्या घुमटावर चढवावीशी वाटली, ती जाणणाऱ्या माणसाला आमच्या पाटीवर बारावी ओळ मिळू नये!

तिसरे प्रतिपक्षी सर्वांत गोड बोलणारे आहेत. ते म्हणतात, ‘‘अहो, मुलांना आनंद झाला ना? सहभाग झाला ना? मग चित्र शेवटी कसे का दिसेना!’’ या गोड बोलण्याचा मला सर्वांत राग येतो. सहभाग म्हणजे काय, मुलांना दीड महिना गुंतवून ठेवण्याचा खेळ? मुलाने आणलेला तुकडा भिंतीवर राहतो, म्हणून तो सहभाग. काढून टाकला, म्हणजे ती फसवणूक. आणि ती फसवणूक आम्ही नागरिकशास्त्राच्या पुस्तकासमोर उभे राहून केली. वर, कप फुकट मिळत असताना कोऱ्या फरश्या विकत आणून फोडल्या. अखंड वस्तू पैसे देऊन फोडावी आणि फुटलेली वस्तू टाकून द्यावी, हे शहाणपण कोणत्या शाळेत शिकवतात?

चंडीगडचे रॉक गार्डन पुष्कळांनी पाहिले असेल. नेकचंद नावाचा सरकारी रस्ता-निरीक्षक १९५७ च्या सुमारास जंगलातल्या जागी गुपचूप कामाला लागला. नवे शहर वसवण्यासाठी जी खेडी पाडली, त्यांच्या मोडतोडीतून, फुटक्या कपबशांतून, बांगड्यांतून त्याने माणसे, पक्षी, जनावरे उभी केली. अठरा वर्षे कोणाला पत्ता नव्हता. पत्ता लागला तेव्हा कायद्याने ते सगळे जमीनदोस्त करता आले असते. सरकारने ते राखले आणि १९७६ साली लोकांना खुले केले. ज्या कामाला परवानगी नव्हती, ते सरकारने ठेवले; ज्याचे निमंत्रण आम्ही स्वतः फळ्यावर लिहिले होते, ते आम्ही पाडले. सरकार म्हटले की नाक मुरडणाऱ्या माझ्यासारख्याने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता तुमच्याशी दोन शब्द. २०१४ साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यापासून गावोगावच्या भिंती चित्रांनी भरल्या. आज ना उद्या तुमच्या शाळेत, सोसायटीत किंवा मंडळात असे मोझेक निघेल, आणि तुमच्या दाराशी कोणी फुटका कप मागावयास येईल. कप जरूर द्या. पण देण्याआधी विचारा : आमचा तुकडा काढावयाचा झाला, तर आम्हांला विचारून काढणार की सुट्टी पाहून? पाटीवर नावे लागणार असतील, तर गवंड्याचे असणार की नाही? आणि वाकडे बसलेले चालेल ना? या प्रश्नांना सरळ उत्तर मिळाले नाही, तर कप खुशाल उकिरड्यावर टाका. तिथे निदान त्याला कोणी सहभाग म्हणणार नाही.

आमच्या भिंतीचे सांगावयाचे राहिले. उतरवलेल्या तुकड्यांची बादली शिपाईमामांनी फेकली नाही. ती भांडारात जिन्याखाली ठेवली. गेल्या उन्हाळ्यात मी ती उपसली. निळ्या काठाच्या बशा ओळखू आल्या, लग्नातली तबकडी ओळखू आली. हिरवी काच मात्र सिमेंटात इतकी माखली होती, की धुऊन धुऊन सतरा तुकडे हाती लागले. तेवढ्यात पान पुरे होते. मी समितीला लेखी अर्ज दिला आहे, की खालच्या फांदीवरचे कोरे चौकोन काढून ते तिथे बसवण्याची परवानगी मिळावी, खर्च माझा. अर्जात ‘माझ्या त्या वेळच्या संमतीबद्दल मी दिलगीर आहे’ असेही लिहिले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.

तो मुलगा आता कॉलेजात आहे. आजी अजून रस्त्याने बाजाराला जाते. भिंतीपाशी आली, की ती रस्त्याची दुसरी बाजू धरते. वर्गाच्या खिडकीतून मला ते दिसते.