दृष्टीची मुदत

२७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या प्रतिमेला हार चढतो, ग्रंथदिंडी निघते. आणि तिचा उत्साह ओसरतो न ओसरतो तोच विज्ञान दिनाची सकाळ उजाडते, शाळाशाळांतून रामन परिणामाचे तक्ते भिंतींवर चढतात. वाणी आणि जिज्ञासा यांचे हे शेजारपण आपल्या अंगवळणी पडले आहे. यंदा, २०२६ मध्ये, याच सत्तावीस तारखेला डेव्हिड ह्यूबेल यांच्या जन्माला शंभर वर्षे होत आहेत.

कॅनडातल्या विंडसरचे ह्यूबेल मुळात डॉक्टर. एकेका चेतापेशीचे बोलणे ऐकता यावे म्हणून टंगस्टनचा सूक्ष्म विद्युतअग्र त्यांनी स्वतः घडवला. १९५८ मध्ये, जॉन्स हॉपकिन्समध्ये, ते आणि स्वीडनचे टॉर्स्टन वीझेल मांजरीच्या मेंदूतल्या एका पेशीला ठिपके दाखवत बसले होते. पेशी ढिम्म. काचपट्टी सरकवताना तिच्या कडेची पुसट रेघ पडद्यावरून गेली मात्र, ती पेशी तडतडू लागली! मेंदू चित्र आयते घेत नाही, रेघांच्या कलांतून ते रचतो, हे तिथून उलगडत गेले. १९८१ मध्ये नोबेल आले. पुढे मार्गारेट लिव्हिंगस्टन यांच्यासोबत, एका विकराच्या रंजनाने उठून दिसणाऱ्या पेशीपुंजांत त्यांनी रंगज्ञानाचा माग काढला.

आपल्याला अस्वस्थ करायला हवे ते त्यांचे दुसरे काम. मांजरीच्या पिल्लाचा एक डोळा पहिले काही महिने शिवून ठेवला आणि मग उघडला, तर डोळा धड असूनही मेंदू त्याला ओळख देईना. प्रौढ मांजरीचे मात्र तसे होत नसे. प्रयोग निर्दय वाटतो, आणि वाटावाच; पण जन्मजात मोतीबिंदू लवकर काढावा, तिरळेपणावर बालपणीच इलाज करावा, हा आग्रह त्यानेच पक्का केला. पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पाने भारतात उशिरा शस्त्रक्रिया झालेल्या मुलांनाही बरेच काही दिसू लागते हे दाखवून दिले, हा मोठाच दिलासा. तरी उशिराची किंमत मूलच मोजते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूची तपासणी आहे. आपल्या घरांत मात्र ‘मोठेपणी सुटेल’ हे वाक्य अजून सुखाने नांदते. अठ्ठावीसच्या प्रदर्शनात एका भिंतीवर दृष्टितक्ता टांगून पहिलीच्या मुलांचा एकेक डोळा झाकून पाहायला असा कितीसा खर्च येणार आहे? एका डोळ्याने अंधुक दिसणारे मूल तक्रार करीत नाही. जग असेच दिसते, अशी त्याची समजूत असते.